आक्काच्या खोलीतला वास

गवतवाली दारात उभी राहायची, चपला काढता काढता नाक जरा वर करायची आणि सांगून टाकायची, "बाई, तुमच्या कुलरची टाकी गेल्या उन्हाळ्यापासून धुतलेली नाही."

घरातली बाई हमखास म्हणायची, "छे हो! परवाच तर धुतली."

गवतवाली वाद घालायची नाही. कुलरच्या बुडाचं बूच काढायची आणि खाली बादली धरायची. काळं, तार सुटलेलं पाणी बदाबदा पडायला लागलं की परवा टाकी धुणारी बाई नाक दाबून आत पळायची. ती परत यायची ते थेट काम संपल्यावर, आणि येऊन वर विचारायची, "झालं का? फरशीवर काही सांडलं नाही ना?"

तीस वर्षं ती हे काम करत होती. खांद्यावर गवताचा भारा, पिशवीत पक्कड, तार, काथ्या आणि एक राठ ब्रश. उन्हाळा तोंडावर आला की घरोघरी जाऊन कुलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत उपसायचं, टाकी खरवडायची, नवं गवत सारखं पसरून भरायचं. नवरा होता तेव्हा दोघं मिळून करायची. तो गेल्यावर ती एकटीच करू लागली. लोक तिला गवतवाली म्हणायचे, तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

या तीस वर्षांत तिनं टाकीत काय काय पाहिलं होतं! केसांचे पुंजके, गोगलगायी, फुगून दोरीसारखी झालेली पाल, वळवळणाऱ्या अळ्यांचा थर. एकदा तर अख्खी कवळी सापडली होती. "आजोबा, तुमचे दात पोहायला गेले होते," असं म्हणून तिनं ती चिमट्यात धरून बाहेर नेली, तेव्हा घर हसलं. तिला मात्र त्या दिवशी घास गेला नाही. याच पाण्यावरून आलेली हवा ही माणसं तोंड उघडं टाकून झोपेत ओढत होती, आणि सकाळी उठून म्हणत होती, काय छान गारवा!

तिला किळस यायची ती खरं तर पाण्याची नव्हे, माणसांची. शरीर आहे तिथे मळ असणारच, तो देवानंच दिलाय, त्याला पाण्यानं धुवायचं आणि गप्प बसायचं. पण आळसानं साठवलेली घाण? ती देवाच्या माथी कशी मारायची? काम झालं की ती कोपरापर्यंत तीनदा हात धुवायची आणि पुटपुटायची, "देवा, हात तुझे, घाण यांची." एवढीच तिची प्रार्थना.

घर स्वस्तात गार ठेवायच्या युक्त्या ती फुकट सांगत फिरायची. छताला चुना द्या. ऊन चढायच्या आत पडदे ओढा, सूर्य कलला की सगळं उघडा. खिडकीत ओलं पोतं टांगा. आणि कुलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीची नुसती न्हाणी होते. लोक मान डोलवायचे आणि ती जिना उतरायच्या आत खिडक्या गच्च लावून घ्यायचे. गारवा बाहेर पळून जातो म्हणे!

अलीकडे तिच्या धंद्यावर प्लॅस्टिकच्या कुलरांनी गदा आणली होती. चाकांवर फिरणारे, गुळगुळीत, गवताच्या जागी पुठ्ठ्याची मधपोळ्यासारखी जाळी. दुकानदार सांगायचा, याला काहीच करावं लागत नाही. ते "काहीच करावं लागत नाही" ऐकलं की गवतवालीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिनं शपथच घेतली होती, मेले तरी त्या डब्यांना हात लावणार नाही.

ही शपथ तिला कुठे नेऊन सोडणार होती, ते तिला कुठे ठाऊक होतं?

तिची थोरली बहीण, आक्का, मुलाकडे राहायची. आई लवकर गेली तेव्हा आक्कानंच हिला वाढवलं होतं. उवा काढल्या, शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसून हिची ओकारी ओंजळीत झेलली. तीच आक्का या हिवाळ्यात न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली.

भाचा नोकरीत वर चढलेला होता. वरच्या मजल्यावर तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत त्यानं एसी बसवला आणि त्याचा बाहेरचा डबा मागच्या गच्चीत टाकला, कारण पुढच्या बाजूला तो दिसायला बरा दिसत नव्हता. मागची गच्ची म्हणजे आक्काच्या खोलीची. डब्याचा पंखा तिच्या खिडकीकडे तोंड करून दिवसभर भट्टीसारखी हवा ओकायचा. मग खिडकी बंद. मग आत उकाडा. त्यावर उपाय म्हणून भाच्यानं गेल्या वर्षीचा प्लॅस्टिकचा कुलर आईच्या पलंगाशी आणून ठेवला. आणि डोकं असं चालवलं, की एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याची नळी भिंतीला भोक पाडून त्या कुलरच्या टाकीत सोडली.

"बघ मावशी, फुकटचं पाणी! टाकी भरायचीसुद्धा कटकट नाही," त्यानं कौतुकानं दाखवलं होतं.

"हुशार आहेस," गवतवाली म्हणाली होती आणि त्या डब्याकडे पाठ करून बसली होती.

तेव्हा, म्हणजे पंधरवड्यापूर्वी, ती दोन घरांच्या कामांमध्ये आक्काला भेटायला आली होती. खोलीत पाऊल टाकताच वास आला. आंबूस, कुजका, वरून सुगंधी फवाऱ्याचा मुलामा. सून दारातच थांबली होती, नाकाला रुमाल. "काय करणार मावशी, अंथरुणावरच्या माणसाचं असंच असतं. किती पुसा, किती कपडे बदला. मुलांना तर मी इकडे फिरकूच देत नाही."

आणि गवतवालीनं, जिच्या नाकाला अख्खी वस्ती टरकून असायची त्या गवतवालीनं, मान्य केलं. आक्का म्हातारी झाली, आक्का पडून आहे, आक्कालाच वास येतोय. तासभर ती तोंडानं श्वास घेत बसली. निघताना वाकून, आपण प्रेमानंच सांगतोय असं समजून, आक्काच्या कानात म्हणाली, "आक्का, जरा अंग नीट पुसून घेत जा गं."

आक्कानं तिच्याकडे पाहिलं. "येतो का वास? तुलाही?"

गवतवालीनं पिशवी उचलली.

आणि आज सकाळी सुनेचा फोन आला होता. "मावशी, आज भेटून जा. आईंना वृद्धाश्रमात ठेवतोय. चार वाजता तिथल्या बाई येणार आहेत न्यायला. आता नाही हो सहन होत. पाहुणे जिन्यातून परत जातात."

ती हातातलं काम टाकून, भाऱ्यासकट, दुपारच्या रणरणत्या उन्हात आली. एसीच्या खोलीचं दार लावलेलं होतं, आत भाचा सुट्टी घेऊन लोळत होता. आक्काच्या खोलीत तोच वास, पण दुप्पट. भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके उठलेले. चादर दमट. कुलर घरघरत होता. आक्का पंधरा दिवसांत अर्धी झाली होती. ओठांना भेगा पडलेल्या.

"पाणी देऊ?"

"नको."

"अगं ओठ बघ तुझे!"

"पाणी प्यायलं की पुढचं सगळं आलं. बदलाबदली, वास. तू सांगितलंस ना, तेव्हापासून दोनदा पुसून घेते अंग. पाणी तर मी दिवसाला अर्ध्या पेल्यावर आणलंय. तरी जात नाही गं मेला." आक्का हसायला गेली, तिच्या ओठाची भेग फुटून रक्ताचा ठिपका आला. "आतूनच सडलेय वाटतं मी."

गवतवाली आक्काचा हात धरून बसून राहिली. आणि तेवढ्यात वीज गेली.

कुलर थांबला. गच्चीतल्या डब्याचा पंखाही कण्हत कण्हत थांबला. पुढच्या खोलीचं दार उघडून भाचा बाहेर आला, बनियन छातीला चिकटलेलं. "श्शी! दहा मिनिटांत जीव चाललाय माझा! कसे काय राहतात लोक असल्या उकाड्यात?"

गवतवाली उठली. गच्चीतला डबा बंद आहे तर खिडकी उघडावी, एवढाच विचार तिच्या मनात होता. कडी गंजली होती, पक्कडीनं ठोकून काढावी लागली. खिडकी उघडली. ऊन पलीकडे वळलेलं, वाऱ्याची एक झुळूक आत आली आणि दारातून निघून गेली. ती परत आक्काशेजारी बसली. लहानपणीच्या उवांच्या गोष्टी निघाल्या. आक्का म्हणाली, "तुझ्या डोक्यात एवढ्या होत्या, की मोजताना शाळेतले पाढे पाठ झाले तुझे." दोघी हसल्या.

हसता हसता गवतवालीच्या लक्षात आलं, आपण नाकानं श्वास घेतोय.

वास नव्हता. तिनं मुद्दाम खोल श्वास ओढला. ओल्या भिंतीचा वास होता, औषधाचा होता, गच्चीतल्या तापलेल्या सिमेंटचा होता. तो कुजका वास नव्हता. आणि आक्का तर इथेच होती, हातभर अंतरावर.

वीज आली. एसीचा डबा गुरगुरला, कुलरचा पंप खाकरला आणि त्याच्या तोंडातून एक भपकारा थेट आक्काच्या तोंडावर आला.

गवतवाली जागची उठली ती त्या कुलरजवळ जाऊन गुडघ्यावर बसली. बटण बंद केलं, पाठीमागची जाळी उचकटली. पुठ्ठ्याच्या भोकाभोकांत हिरवा-काळा गिलावा भरला होता, बोट लावलं तर लिबलिबीत, कापलेल्या काळजासारखा. टाकीचं झाकण काढलं. पाणी दिसतच नव्हतं, वर जाड साय होती. भिंतीतून आलेल्या नळीच्या तोंडाशी शेंबडासारखा लोळा लोंबत होता. एका कोपऱ्यात दोन पाली, किंवा पाली होत्या असं म्हणण्याइतकं काहीतरी, एकमेकींत विरघळलेलं. आणि सगळ्यावर गुलाबाच्या अत्तराचा तवंग, सुनेनं खोलीचा वास दाबायला जाळीच्या फटीतून ओतलेला.

तीस वर्षांत पहिल्यांदा गवतवाली ओकली. खिडकीशी धावत जाऊन, गच्चीत. पण ती ओकारी त्या टाकीमुळे आली नव्हती. हा वास तिनं झोपेत ओळखला असता. कुणाच्याही घरात, जिन्यावरूनच ओळखला असता. इथे तासभर त्याच्याशेजारी बसून, त्या डब्याला हात लावायचा नाही या ताठ्यात तिनं तो आपल्या बहिणीच्या अंगावर ढकलला होता. तो तिच्या कानाशी जाऊन सांगितलाही होता. स्वतःची अशी शिसारी तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

तिनं तोंड धुतलं, टाकी सोडवली आणि डुचमळत पुढच्या खोलीत नेली. एसीच्या गारव्यात भाचा आणि सून चहा घेत बसले होते. टाकी तिनं त्यांच्यासमोरच्या मेजावर ठेवली.

"अगं बाई! हे काय आणलंत आत?" सून किंचाळली, पाय वर घेऊन.

"तुझ्या सासूबाईंचा वास," गवतवाली म्हणाली. "नीट बघून घे. पुसायला गेलीस तर जाईलसुद्धा."

भाच्यानं वाकून पाहिलं आणि तोंड फिरवलं. "म्हणजे… वास कुलरचा होता?"

"कुलरचा नाही रे. तुझा. गेल्या उन्हाळ्यापासून यात पाणी साठलंय. एकदा तरी उघडलास?"

"पण मावशी, दुकानदार म्हणाला होता, याला काही…"

"काही करावं लागत नाही. माहीत आहे. आईलाही काही करावं लागत नाही असं कुणी सांगितलं होतं?"

सून पुटपुटली, "मावशी, तुम्हीसुद्धा आला होतात की तेव्हा. तुम्हाला तरी कुठे कळलं?"

या घरात तेवढं एकच वाक्य खरं बोललं गेलं होतं. "नाही कळलं," गवतवाली म्हणाली. "माझीही थोबाडीत खायची वेळ आहे. आधी हे काम होऊ दे."

मग भाचा सुटकेनं हसला. टाळी वाजवली त्यानं. "चला, म्हणजे प्रश्नच मिटला! आई इथेच राहील. त्या बाईंना फोन करून सांगतो, येऊ नका. उगाच आपण एवढं…"

ते हसू बघून गवतवालीला जे मळमळलं, त्यापुढे टाकीतलं काहीच नव्हतं. आईला हलवायचं ठरवताना हा असाच हसला असेल. आणि आत्ता राहू द्यायचं ठरवतानाही हाच.

तिनं एसीचं बटण बंद केलं. "मावशी, अगं—" भाचा उठला. "गच्चीतला डबा आईच्या तोंडावर ओकतोय. गप्प बस." भाऱ्यातलं ताजं गवत काढून, तार वाकवून तिनं आक्काच्या खिडकीच्या मापाची चौकट केली, गवत पसरलं, काथ्यानं आवळलं. एका जुन्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून तो वर टांगला आणि पाण्यानं भरला. पाणी गवतावर झिरपू लागलं. दार सताड उघडं ठेवलं. हळूहळू ओल्या गवताचा, मातीसारखा गंध खोलीत आला. बटण नाही, बिल नाही. आक्कानं डोळे मिटून घेतले.

"आक्का, ऐक. वास तुझा नव्हता. त्या कुलरचा होता. आणि मला तो कळायला हवा होता. मी… माझं तोंड झडो."

आक्कानं डोळे उघडले. मग म्हणाली, "पाणी दे."

दोन पेले प्यायली ती, गटागटा, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत.

भाच्यानं फोन केला नव्हता, की बाई आधीच निघाल्या होत्या, कुणास ठाऊक. चार वाजता आश्रमाच्या बाई दारात हजर. साध्याशा, घामाघूम, हातात छत्री. भाचा पुढे होऊन सांगायला लागला, की गैरसमज होता, आता तशी गरज नाही, त्रासाबद्दल माफ करा. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या बाजूनं वाट काढत आत गेल्या. पलंगाच्या कडेवर टेकल्या. "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

आक्काला हे कुणी विचारेल असं वाटलंच नसावं. तिनं मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग विचारलं, "तुमच्याकडे खिडक्या उघड्या असतात?"

"असतात की. दोन्ही बाजूंनी."

"मग येते मी."

"आई!" भाच्याचा चेहरा पडला. "अगं, आता वास नाही ना!"

"मला कळलं रे," आक्का शांतपणे म्हणाली. "तो होता तेव्हा तुम्ही कुठे होतात, तेही कळलं."

गवतवाली मध्ये पडली. "आक्का, माझ्याकडे चल. माझी खोली लहान आहे, पण छताला चुना दिलाय, खिडकीत—"

"आणि तुझा तो शिडीसारखा जिना? मला काय दोरीनं ओढून घेणार आहेस? शिवाय तू दिवसभर लोकांची गटारं उपसणार आणि मी तुझी वाट बघत बसणार. नको गं धाकटे. तू येत जा तिकडे."

तासाभरात आक्का घरातून निघाली. तिला स्ट्रेचरवरून जिन्यातून उतरवताना सून रडत होती. रुमाल मात्र आज डोळ्यांना होता. गवतवाली भारा बांधून निघाली, तेव्हा भाचा टाकीकडे बोट दाखवत म्हणाला, "मावशी, हे एवढं… तू आलीच आहेस तर धुऊन देतेस का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती न्हाणीत गेली, कोपरापर्यंत तीनदा हात धुतले. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. ही घाण यांची, असं आज म्हणता येईना. नुसतं "देवा" म्हणून ती बाहेर पडली.

आश्रमात आठ कुलर आहेत, सगळे पत्र्याचे, गवताचे. त्यांचं काम गवतवालीनं स्वतःहून अंगावर घेतलंय. दर आठवड्याला टाक्या उपसते, खरवडते, उन्हात पालथ्या घालते. दुकानदारानं तिथे एक प्लॅस्टिकचाही भेट म्हणून पाठवला; नाक मुरडत का होईना, तोही ती उघडते, पुठ्ठा काढून ब्रशनं घासते. आक्का दोन खिडक्यांच्या मधल्या पलंगावर असते. थोडी भरलीये. पाणी पिते.

पण प्रत्येक वेळी, गवतवाली शेजारी टेकली की आक्का आधी इकडेतिकडे बघते आणि हळूच विचारते, "येतो का गं?"

किती वेळा सांगितलं, शपथा घेतल्या. ते काही तिच्या मनातून निघत नाही. मग गवतवाली वाकते, तिच्या मानेशी, केसांशी नाक नेते आणि छाती भरेपर्यंत श्वास ओढते, सगळ्या पलंगांना दिसेल असा.

"येतो," म्हणते. "साबणाचा."

आक्काला ते पुढच्या आठवड्यापर्यंत पुरतं.